शिवणीतली माया : प्लगिननं स्वतःचं रूप सोबत आणावं का?

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जुन्या श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसानं वेबसाइटच्या प्लगिनवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आम्ही प्रोग्रामर नाही, आणि या वयात होणारही नाही. पण प्रोग्रामर मंडळींमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. त्याची भाषा तांत्रिक असली, तरी त्याच्या पोटात आमच्या शास्त्रातला जुना प्रश्न बसलेला आहे. दुसऱ्याच्या वतीनं निवड करण्याचा अधिकार कुणाला, कितपत, आणि त्या निवडीचा भुर्दंड शेवटी कोण भरतो? म्हणून आज आपण या वादाची समीक्षा करू. तीन प्रत्यक्ष कृती घेऊ, त्या तपासू, आणि मग आमचं मत सांगू.

आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण सगळ्यांना ते ठाऊक असतीलच असं नाही. वर्डप्रेस ही वेबसाइट उभी करण्याची मोफत आणि मुक्त प्रणाली. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तिची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आणली. २००४ मध्ये तिला प्लगिन जोडण्याची सोय आली आणि २००५ मध्ये थीम बदलण्याची. थीम म्हणजे साइटचं दर्शनी रूप : अक्षरं कोणती, रंग कोणते, समास किती. प्लगिन म्हणजे वरून बसवलेली एखादी जास्तीची सोय : संपर्काचा अर्ज, दुकान, सभासदांची यादी. घर एकाचं, रंगकाम दुसऱ्याचं, आणि नळ बसवायला आलेला कारागीर तिसराच, असा हा संसार आहे. आणि या तिघांची एकमेकांशी ओळखही नसते.

आता वाद काय, ते बघा. प्लगिन लिहिणाऱ्यानं त्यासोबत तयार टेम्पलेट आणि स्टाइल द्यावी का? टेम्पलेट म्हणजे पानावर काय, कुठं, कोणत्या क्रमानं येईल याचा साचा. स्टाइल म्हणजे ते दिसेल कसं, याचे नियम.

एक पक्ष म्हणतो, मुळीच देऊ नये. नळ बसवणाऱ्यानं नळ बसवावा, भिंतीला रंग लावू नये. प्लगिननं माहिती आणि काम तेवढं द्यावं, रूप थीमकडं सोपवावं. नाही तर होतं काय, की शांत, पांढऱ्या पानाच्या मधोमध एकदम निळं, गोल कोपऱ्यांचं, सावली पडलेलं बटण येऊन बसतं. थीमवाल्यानं जमवलेला मेळ बिघडतो. मग तो प्लगिनचे नियम खोडायला स्वतःचे आणखी जोरकस नियम लिहितो. प्लगिनवाला त्याहून जोरकस लिहितो. सीएसएसमध्ये 'इम्पॉर्टंट' नावाची एक मात्रा आहे, ती लावली की नियम बाकीच्यांच्या वर चढतो. दोघंही ती लावू लागले की कोणाचंच काही महत्त्वाचं राहत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, सगळं द्यावं. प्लगिन चालू केलं, की त्याच क्षणी ते चांगलं दिसलं पाहिजे. साइट चालवणारा माणूस एखादा शिक्षक असतो, छोटा दुकानदार असतो, वाचनालयाचा मानद चिटणीस असतो. त्याला टेम्पलेट लिहिता येत नाही आणि येण्याची अपेक्षाही करू नये. त्याच्या हाती तुम्ही फक्त हाडं दिलीत, तर तो पाहुण्यांसमोर हाडंच ठेवणार.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. पण 'दोघांचंही थोडं थोडं बरोबर' असं म्हणून उठणं ही समीक्षा नव्हे. दोघांच्याही म्हणण्यात एकेक गृहीतक दडलेलं आहे, आणि ते दोन्ही आम्हाला चुकीचं वाटतं.

पहिल्या पक्षाचं गृहीतक असं, की रूप न देता नुसती वस्तू देता येते. येत नाही. वैशेषिक दर्शनात रूप हा गुण मानला आहे आणि गुण द्रव्याला सोडून राहत नाही. ॲरिस्टॉटलनंही आपल्या परीनं हेच सांगितलं, की निव्वळ आकारहीन द्रव्य आपल्याला कुठं भेटत नाही, भेटतं ते आकारासकट. वेबचंही तसंच आहे. तुम्ही एकही स्टाइल दिली नाहीत, तरी पान बिनरूपाचं राहत नाही. ब्राउझरकडं स्वतःची स्टाइल असते. दुवे निळे आणि अधोरेखित, शीर्षकं ठळक, यादीला ठिपके, हे सगळं ब्राउझर लावतो. म्हणजे 'आम्ही काहीच ठरवलं नाही' या वाक्याचा खरा अर्थ 'आम्ही ठरवणं ब्राउझरवर आणि थीमवर सोडलं' एवढाच होतो. सोडणं हाही निर्णयच आहे, आणि त्याची जबाबदारी असते.

इथं थोडा इतिहास उपयोगी पडेल. सीएसएसची मूळ कल्पना होकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन संशोधकानं ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिचं पहिलं प्रमाणरूप ठरलं. तिच्या नावातच 'कॅस्केडिंग' आहे. आम्ही त्याला मराठीत उतरंड म्हणू. सर्वांत खाली ब्राउझरचं मडकं, त्यावर साइट बनवणाऱ्याचं, आणि वाचणाऱ्याच्या पसंतीचंही एक. मूळ प्रस्तावाचा गाभाच असा होता, की रूप ठरवताना लेखक आणि वाचक या दोघांच्या इच्छांचा मेळ घालावा. म्हणजे या तंत्राच्या जन्मातच, रूप हा एकट्याचा हक्क नाही, ही जाणीव होती. आजच्या वादात थीमवाला आणि प्लगिनवाला भांडतात, पण त्या उतरंडीतला वाचक दोघांच्याही बोलण्यात नसतो. आमची मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती आता उदाहरणांनी दाखवतो.

पहिली कृती, 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७'. ताकायुकी मियोशी या जपानी प्रोग्रामरनं लिहिलेलं हे संपर्काच्या अर्जाचं प्लगिन जगभर वापरलं जातं. 'रूप देऊ नये' या पक्षाचं ते लाडकं उदाहरण आहे. नवा अर्ज तयार केला, की ते एक साधा साचा देतं : नाव, ईमेल, विषय, संदेश आणि पाठवण्याचं बटण. सजावट जवळजवळ नाहीच. अर्ज थीमचा पोशाख घालतो. त्यामुळं एकाच प्लगिनचा अर्ज दोन साइटवर दोन भावंडांसारखा दिसतो, जुळ्यांसारखा नाही. आम्हाला हा संयम आवडतो.

पण जरा आत डोकावून बघा. इतक्या संयमी प्लगिनसोबतही एक छोटी स्टाइलची फाइल येतेच. तीत काय असतं? चूक झाली तर तिची सूचना लाल रंगात. उत्तराच्या चौकटीची कडा निकालानुसार वेगळ्या रंगाची. आणि एक मजेदार नियम असा, की पानातला काही मजकूर डोळ्यांना दिसू नये, पण अंध व्यक्ती जे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात त्याला मात्र तो मिळावा. तुम्ही शुद्धतेच्या आग्रहानं ती फाइल बंद केलीत, आणि प्लगिन तशी मुभा देतं, तर हा झाकलेला मजकूर पानावर उघडा पडतो. म्हणजे या चार-दोन नियमांत सजावट जवळपास नाही, उपयोग आहे. 'स्टाइल म्हणजे वरवरचं' हे समीकरण इथंच मोडतं. काही स्टाइल ही कामाचाच भाग असते. ती काढली, की काम अर्धं राहतं.

याच मुद्द्याचा एक बोधप्रद दाखला वेबच्या इतिहासात आहे. २००७ च्या सुमारास एरिक मेयर यांनी 'रीसेट' नावाची एक स्टाइल प्रसिद्ध केली. वेगवेगळे ब्राउझर वेगवेगळं रूप लावत, म्हणून सगळ्यांचं रूप आधी पुसून पाटी कोरी करायची, असा तिचा हेतू. हजारो साइटनी ती उचलली. त्यात एक ओळ होती : कीबोर्डनं एखाद्या दुव्यावर किंवा पेटीवर गेलात, की भोवती जी रेघ उमटते, ती काढून टाकणारी. मेयर यांनी शेजारीच टीप लिहिली होती, की ही रेघ काढल्यावर तिच्या जागी स्वतःची खूण द्यायला विसरू नका. आता आम्हाला सांगा, टीप किती जणांनी वाचली असेल? ओळ सगळ्यांनी घेतली, टीप पुष्कळांनी सोडली. ज्याला माउस धरता येत नाही, ज्याचा हात थरथरतो, तो टॅब दाबत पानावरून फिरतो. त्याच्या दृष्टीनं ती रेघ म्हणजे आपण कुठं उभे आहोत ते सांगणारा दिवा. तो विझला. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत मेयर यांनी ती ओळ काढली, पण तोवर ती असंख्य साइटमध्ये मुरलेली होती.

यातून आम्ही काय घेतो? कोरी पाटी ही निरुपद्रवी नसते. 'पुढचा माणूस करेल' असं म्हणून जे सोडलं जातं, ते पुढचा माणूस बहुधा करत नाही. आणि तो आळशी असतो असंही नाही. त्याला ते करायचं आहे, हेच त्याला माहीत नसतं. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी २००८ च्या 'नज' या पुस्तकात हेच विस्तारानं मांडलं : आधीच ठरवून ठेवलेला पर्याय बहुतेक माणसं बदलत नाहीत, आणि पर्याय मांडणाऱ्याला पूर्ण तटस्थ राहताच येत नाही. त्यांच्या उपायांशी आमचे मतभेद आहेत, पण हे निरीक्षण नाकारता येण्यासारखं नाही.

म्हणजे दुसरा पक्ष जिंकला का? सगळं द्या, सुंदर द्या, विषय संपला? थांबा. त्यांचंही एक गृहीतक आहे. त्यांना वाटतं, की दिलेलं रूप ही भेटवस्तू आहे, घेतली तर घेतली, नको तर बाजूला ठेवली. पण भेटवस्तू कधी कधी घरमालकच होऊन बसते.

दुसरी कृती, 'बडीप्रेस'. सभासद, त्यांची ओळखपानं, गट, आपसांतले संदेश अशी सोय वर्डप्रेसला जोडणारं हे प्लगिन. २०१० च्या १.२ आवृत्तीपासून त्याच्यासोबत 'बीपी-डिफॉल्ट' नावाची आख्खी थीमच येत असे. म्हणजे बघा, नळ बसवायला आलेला कारागीर म्हणाला, नळ चालायला हवा असेल तर घराचा रंगही आमचाच घ्या. तुमची स्वतःची थीम ठेवायची, तर तिच्यात बडीप्रेसचे साचे आणून बसवायचे, त्यासाठी आणखी एक मदतनीस प्लगिन, आणि मग पाना-पानाला डागडुजी. परिणाम उघड होता. ज्यांना हे जमत नव्हतं त्यांच्या साइट एकसारख्या दिसू लागल्या. एखादी शाळा असो की गिर्यारोहकांचा गट, चेहरा बीपी-डिफॉल्टचा.

एप्रिल २०१३ मध्ये १.७ आवृत्ती आली आणि तिनं ही रीत बदलली. आता प्लगिनचा मजकूर तुमच्या थीमच्या पानातच, तिच्या मजकुराच्या जागेत बसू लागला. साचे प्लगिनपाशी राहिले, पण ते थीमच्या घरात पाहुण्यासारखे वागू लागले. थीममध्ये त्याच नावाचा साचा सापडला तर त्याला मान, नाही सापडला तर प्लगिनचा चालेल. आमच्या मते या वादातलं हे सर्वांत शिकण्यासारखं वळण आहे. बडीप्रेसनं साचे देणं बंद केलं नाही. त्यांनी साच्यांचा अधिकार कमी केला. 'द्यावं की न द्यावं' या प्रश्नाऐवजी 'दिलेल्याचं वजन किती असावं' हा प्रश्न त्यांनी सोडवला.

तिसरी कृती, 'वूकॉमर्स'. २०११ मध्ये सुरू झालेलं दुकानाचं प्लगिन, पुढं २०१५ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीनं घेतलेलं. दुकान म्हटलं, की वस्तूंची यादी, पिशवी, पैसे भरण्याचं पान, पावती. एवढं सगळं थीमवाल्यानं नव्यानं रचावं, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. वूकॉमर्स भरपूर साचे देतं. आणि स्टाइलच्या बाबतीत त्यांनी केलेली एक विभागणी आम्हाला फार विचारी वाटते. त्यांच्या जुन्या, साच्यांवर आधारलेल्या मांडणीत स्टाइलच्या तीन फायली वेगळ्या आहेत : एक मांडणीची, एक छोट्या पडद्यांसाठीची आणि एक रंगरूपाची. तिन्ही वेगवेगळ्या बंद करता येतात. म्हणजे रंगरूप नको असेल तर ते काढा, पण फोनवर पान कोलमडू नये याची तजवीज ठेवा. वर आम्ही म्हटलं की काही स्टाइल कामाचा भाग असते, काही शोभेचा. वूकॉमर्सनं तो फरक फायलींच्या पातळीवर उतरवला.

पण इथं एक दुखणं आहे आणि ते झाकून चालणार नाही. साचा बदलायचा असेल तर मूळ फाइलची नक्कल थीमच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तीत फेरफार करायचे, ही त्यांची एक रीत. सोपी रीत आहे. पण नक्कल केल्या दिवसापासून ती मूळ फाइलपासून तुटते. पुढं वूकॉमर्सनं मूळ साच्यात दुरुस्ती केली, तरी तुमची नक्कल जुनीच राहते. बटणाचा मजकूर बदलण्यासाठी आख्खं पान उतरवून घ्यायचं आणि मग ते पान कायम आपणच सांभाळायचं, असा हा व्यवहार. वूकॉमर्स प्रत्येक साच्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहितं, आणि तुमच्या नकला शिळ्या झाल्या असतील तर प्रशासकाच्या पानावर यादी दाखवतं. हे प्रामाणिकपणाचं आहे. ठराविक जागी आपला मजकूर घालता यावा म्हणून 'हुक' नावाच्या खुंट्याही दिल्या आहेत, त्या वापरल्या तर नक्कल करावी लागत नाही. पण ज्याला खुंटी माहीत नाही तो नक्कलच करतो. आणि दुकानाच्या पैसे भरण्याच्या पानावर शिळी नक्कल असणं हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. तिथं गिऱ्हाइकाचा व्यवहार अडकतो.

आता आपण जरा घराकडं वळू, कारण मराठी साइट चालवणाऱ्यांना या तयार रूपाचा जाच काहीसा जास्त होतो. बहुतेक प्लगिनची तयार स्टाइल रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. त्यात दुष्टावा नाही, पण परिणाम होतो. शीर्षकाला भारदस्तपणा यावा म्हणून अक्षरांत जरा अंतर ठेवण्याचा नियम घालतात. इंग्रजीत ते डौलदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द उसवल्यासारखा होतो. दुसरं, उपशीर्षक वेगळं कळावं म्हणून त्याची सगळी अक्षरं मोठ्या लिपीत करतात आणि आकार लहान ठेवतात. आपल्याकडं मोठी-लहान लिपी हा प्रकारच नाही. त्यामुळं तो नियम लागूच होत नाही आणि उपशीर्षक नुसतंच बारीक होऊन मजकुरात हरवतं. तिसरं, ओळींची उंची आवळून ठेवतात किंवा बटणाला ठराविक उंची देतात. मग वरचा रफार आणि वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. 'पूर्ण' हा शब्द अपूर्ण दिसावा, यासारखी गंमत नाही, पण अर्ज भरणाऱ्याला ती गंमत वाटत नाही.

आणि चौथं सर्वांत मोठं. पुष्कळ प्लगिन स्वतःचा फॉन्ट लादतात. थीमवाल्यानं विचारपूर्वक 'मुक्ता'सारखा देवनागरीचा चांगला फॉन्ट निवडलेला असतो. प्लगिन म्हणतं, आमच्या पेटीत अमुक रोमन फॉन्ट. त्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. मग ब्राउझर यंत्रावर जो सापडेल तो देवनागरी फॉन्ट उचलतो. एकाच पानावर दोन प्रकारचे 'ल' आणि दोन प्रकारचे 'श' दिसू शकतात, एक मराठी वळणाचा आणि एक हिंदी वळणाचा. आमच्या पिढीच्या वाचकाला ते खड्यासारखं लागतं. इथं पहिल्या पक्षाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे : फॉन्ट हा थीमचा प्रांत आहे, प्लगिननं तिथं पाऊल टाकू नये. एक ओळ न लिहिल्यानं जे साधतं, ते दहा ओळी लिहून साधत नाही.

पण उलट बाजूही आपल्याच अनुभवात आहे. एका संस्थेचा नावनोंदणीचा अर्ज आम्ही मध्यंतरी भरत होतो. संस्थेचं नाव सांगण्याचं कारण नाही. पेट्यांवर नावं नव्हती. पेटीच्या आत फिक्या करड्या अक्षरांत सूचना होती आणि टाइप करू लागलं की ती नाहीशी होत होती. चूक झाली की पेटीची कडा लाल होई, पण चूक काय ते कुठं लिहिलेलं नव्हतं. आम्ही तीन वेळा अर्ज पाठवला आणि तो तीन वेळा परत आला. ज्यांना लाल-हिरवा फरक ओळखता येत नाही, त्यांना तर कडा बदलली हेही कळलं नसतं. साइट सर्वांना वापरता यावी यासाठीची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या 'एए' या पातळीनुसार साध्या आकाराच्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उठाव किमान ४.५ ला १ असावा लागतो, आणि अर्थ केवळ रंगानं सांगू नये असंही ती सांगतात. आता आमचा प्रश्न असा, की हे त्या संस्थेच्या मानद चिटणीसानं वाचून, मोजून अमलात आणायचं का? ते त्याचं काम नाही. ते साचा लिहिणाऱ्यानं एकदा करायचं काम आहे, म्हणजे हजार चिटणीसांना ते आयतं मिळतं.

आमचा निष्कर्ष याच ठिकाणी पक्का होतो. प्लगिननं काय द्यावं हे 'साइट बनवणाऱ्याला काय आवडेल' यावरून ठरवू नये. साइट बनवणाऱ्याला आवाज आहे, तो तक्रार करतो, प्लगिन बदलतो. जो अर्ज भरायला येतो, त्याला आवाज नाही. त्याला प्लगिन म्हणजे काय तेही माहीत नसतं. तयार रूप हे त्या अनुपस्थित माणसाच्या वतीनं केलेली निवड आहे. त्याचं ज्यावाचून अडतं, ते प्लगिननं दिलंच पाहिजे. पेटीचं नाव, चुकीचं शब्दांत स्पष्टीकरण, कीबोर्डची खूण, फोनवर न मोडणारी मांडणी, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीचा मजकूर. हे काढून टाकणं अवघड असलं तरी हरकत नाही. आणि ज्यावाचून त्याचं काही अडत नाही, म्हणजे रंग, फॉन्ट, सावल्या, गोल कोपरे, ते एक तर देऊच नये किंवा इतकं हलकं द्यावं, की थीमनं नुसती फुंकर मारली तरी बाजूला व्हावं.

हे शक्य नाही, असं आता कोणी म्हणू शकत नाही. सीएसएसमध्ये 'लेयर' म्हणजे थर करण्याची सोय २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत आली आहे. प्लगिननं आपले साधे नियम एखाद्या थरात ठेवले, तर थराबाहेर लिहिलेला थीमचा नियम, कितीही साधा असला तरी, त्यांच्या वर चढतो. ज्या 'इम्पॉर्टंट'च्या मारामारीचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला, तिची गरजच उरत नाही. म्हणजे मोठेपणानं मागं सरकण्याचं तंत्र उपलब्ध आहे. प्रश्न वृत्तीचा आहे.

सभागृहातून एक प्रश्न आला आहे, तो आत्ताच घेतो. प्रश्न असा, की प्लगिन लिहिणारे पुष्कळदा फुकट काम करतात. त्यांच्यावर एवढी जबाबदारी टाकणं न्याय्य आहे का? चांगला प्रश्न आहे. आमचं उत्तर दोन भागांत आहे. फुकट देणाऱ्यानं किती द्यावं, हे आपण ठरवू शकत नाही, हे खरं. त्यानं दहा सुंदर टेम्पलेट द्यावीत अशी मागणी करणं उद्धटपणाचं होईल. पण जे दिलं ते अपाय करणारं नसावं, ही अपेक्षा फुकट दिलेल्या वस्तूबद्दलही रास्त आहे. पाणपोई घालणाऱ्यानं सरबत द्यावं असं कोणी म्हणत नाही, पाणी गाळलेलं असावं एवढं म्हणतो. शिवाय आम्ही जे मागतो आहोत त्यात काम वाढण्यापेक्षा कमी होतं. सजावट सोडा, म्हणजे मूलभूत गोष्टींना वेळ मिळेल.

आता समारोप. शिवणकामात एक शब्द आहे, माया. वेदान्तातली नव्हे, शिंप्याची. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. कपडा पहिल्या दिवशी अंगावर बसला पाहिजे, म्हणून शिंपी मापात शिवतो. पण अंग बदलणार, पोर वाढणार, एकाचा कपडा उद्या दुसरा घालणार, हे ठाऊक असल्यामुळं तो माया सोडतो. मापच न घेता कापडाचा तागा हातात देणाऱ्याला आपण शिंपी म्हणत नाही. आणि उसवताच येऊ नये असं घट्ट शिवून देणाऱ्याकडं आपण दुसऱ्यांदा जात नाही.

तीन कृतींना या मापानं बघितलं, तर कॉन्टॅक्ट फॉर्म ७ नं थोडकं शिवलं, पण गरजेचं बहुतेक शिवलं. बडीप्रेसनं आधी मायाच ठेवली नव्हती, ती २०१३ मध्ये ठेवली. वूकॉमर्सनं माया सढळ ठेवली, पण उसवणाऱ्याला कात्री जपून वापरावी लागते. तिघांपैकी एकालाही 'रूप देऊ नका' असं आम्ही सांगणार नाही.

तुमच्यापैकी ज्यांची स्वतःची किंवा एखाद्या मंडळाची साइट असेल, त्यांना एक लहानसं काम सांगतो. आज घरी गेल्यावर तुमच्या साइटवरचा अर्ज माउस बाजूला ठेवून, फक्त टॅब आणि एंटरच्या कळा वापरून भरून बघा. मग मुद्दाम एक चूक करा आणि तुमचं यंत्र तुम्हाला काय सांगतं ते वाचा. जे आढळेल त्याची यादी करून ठेवा, आणि प्लगिन लिहिणाऱ्याला सौजन्यानं कळवा. पुष्कळदा त्यालाही ते कोणी सांगितलेलं नसतं.

पुढच्या वेळी भेटू.